मदर लव्ह बोन म्हणजे पर्ल जॅमची रंगीत तालीम नव्हे

रॉकच्या चाहत्यांमध्ये एक दावा सारखा फिरतो: सिअ‍ॅटलच्या ‘मदर लव्ह बोन’चा गायक अँड्र्यू वुड गेला, नवा गायक एडी व्हेडर आला, नाव बदललं आणि झालं ‘पर्ल जॅम’. बाकी सगळं तेच ग्रंज, म्हणजे सिअ‍ॅटलचं जड, खरखरीत गिटारींचं रॉक. शिवाय वुडच्या मरणाचं भांडवल करून मदर लव्ह बोनचा ‘अ‍ॅपल’ हा अल्बम खपवला.

आधी माणसं मोजू. पाच जणांपैकी पर्ल जॅममध्ये गेले दोघंच, गिटारवादक स्टोन गोसार्ड आणि बेसवादक जेफ अ‍ॅमेंट. दुसरा गिटारवादक ब्रूस फेअरवेदर ‘लव्ह बॅटरी’ या बँडमध्ये बेस वाजवू लागला. ड्रमर ग्रेग गिलमोरही पर्ल जॅममध्ये नव्हता. बँड मोडल्यावर गोसार्डने गिटारवादक माइक मॅक्रीडीला धरून नव्याने जुळवाजुळव केली. नुसत्या वाद्यांची टेप ड्रमर जॅक आयर्न्समार्फत सॅन डिएगोला व्हेडरच्या हाती पडली, आणि त्याने तीन चालींवर स्वतःचे शब्द गाऊन ती परत धाडली. त्यातल्या ‘अलाइव्ह’ची चाल मात्र मदर लव्ह बोनच्या काळातली, तेव्हा तिचं नाव ‘डॉलर शॉर्ट’. दाव्यातला एवढा धागा खरा.

ग्रंजचं म्हणाल, तर मदर लव्ह बोनचं ‘क्लो डान्सर’ हे गाणं आणि त्याला जोडलेलं ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ एकदा सलग ऐका. सुरुवातीला पियानो आणि वुडचा आवाज. गिटारींचा भार नंतर येतो. वुड ‘किस’ आणि ‘क्वीन’ या भपकेबाज रॉक बँडांवर पोसलेला. आधीच्या ‘मालफंक्शन’ बँडमध्ये तो तोंडाला पांढरा रंग फासून मंचावर यायचा. व्हेडरच्या आतल्या आत धुमसणाऱ्या गाण्याशी या नखरेल थाटाचं नातं लावायचं तर बरीच ओढाताण करावी लागते. दोघं एकाच शहरात गायले, म्हणून एकाच पेटीत कोंबायचे का?

भांडवलाचा आरोप तर तारखांपुढे टिकतच नाही. ‘अ‍ॅपल’ वुडच्या हयातीतच तयार होता. १६ मार्च १९९० ला त्याने हेरॉइनचा अतिडोस घेतला, १९ मार्चला तो गेला, वय अवघं २४. अल्बम लांबला आणि जुलैत आला. १९९२ मध्ये, पर्ल जॅम गाजल्यावर, कंपनीने मदर लव्ह बोनची आधीची छोटी रेकॉर्ड ‘शाइन’ आणि ‘अ‍ॅपल’ एकत्र करून पुन्हा बाजारात आणले. धंदा म्हणायचा तर तो हा.

सोबत्यांनी काय केलं? वुडबरोबर एका घरात राहिलेल्या, ‘साउंडगार्डन’ बँडच्या गायक ख्रिस कॉर्नेलने त्याच्यासाठी दोन गाणी लिहिली. त्यातूनच गोसार्ड आणि अ‍ॅमेंटला घेऊन ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा बँड उभा राहिला. त्याचा अल्बम १९९१ चा. पुढे १९९५ मध्ये गोसार्डने आपल्या ‘लूजग्रूव्ह’ या लेबलवरून मालफंक्शनची जुनी ध्वनिमुद्रणं काढली. ती काही लाखांनी खपणारी चीज नव्हती. आणि ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ पर्ल जॅमने अख्खं मंचावर वाजवलं ते २२ ऑक्टोबर २००० ला, लास वेगासमध्ये, त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाला दहा वर्षं झाली त्या दिवशी.