साहेब अधिवेशनात, आम्ही तारखेत

आज परत साडेदहापासून तालुका कोर्टाच्या बाकड्यावर. पुकारा झाला दोनच्या पुढे. साहेबांच्या ज्युनिअरने अर्धं पान पुढे सरकवलं. मुदत अर्ज. कारण काय, तर 'वकीलसाहेब आमदार असून अधिवेशनात आहेत'. दोनशे रुपये खर्च बसला, पुढची तारीख पडली. ते दोनशेही माझ्याच खिशातून! साहेब निवडून आल्यापासून ही सहावी खेप.

चुलत्याशी वाटपाचा दावा आहे माझा. गाडी त्याच्या उलटतपासाशी अडलीय. तो घ्यायचा साहेबांनीच, कारण ज्युनिअर पोरगं सातबारा उलटा धरतं. एक दिवस 'नो क्रॉस', म्हणजे उलटतपासाची संधी संपली, म्हणून आदेश निघेल, मग बसा बोंबलत. दिवाणी संहितेत स्पष्ट लिहिलंय, एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालत नाही. आता सभागृह म्हणजे काही कोर्ट नव्हे, म्हणून चालतं बहुतेक!

बरं, आमदाराने वकिली करू नये असा कायदाही नाही. सुप्रीम कोर्टाने 25 सप्टेंबर 2018 ला सांगून टाकलं की बार कौन्सिलचा वकिलीबंदीचा नियम 49 पूर्णवेळ पगारी नोकराला लागू, आमदार-खासदाराला नाही. ठीक. करा ना वकिली! पण करा तरी! वकीलपत्र अडवून बसायला कुणी सांगितलंय?

दुसरा वकील लावतो म्हटलं तर त्याला साहेबांची ना हरकत पाहिजे. ती आणायला ऑफिसला गेलो. पूर्वी तिथे दोन बाकडी आणि निकालपत्रांची धूळ असायची. आता दारात चपलांचा ढीग, शिफारसपत्रांसाठी सरपंचांची रांग, आणि काळा कोट खिळ्याला, त्याच्यावर कुणाच्या तरी सत्काराची शाल. कारकून म्हणाला, "सही साहेबच करतील. मुंबईहून आले की फोन करतो." अहो, फी पूर्ण दिलीय मी. आणि फी थकली तरी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, हेही सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. कारकुनाला सांगितलं तर तो हसला.

वर शेजारचा एक कार्यकर्ता मला शिकवतो, "बाबासाहेबही वकील होते आणि आमदारही." होते ना! 1937 मध्ये एकीकडे चवदार तळ्याचा खटला हायकोर्टात जिंकला, त्याच वर्षी विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. दोन्हीकडे हजर होता तो माणूस. आमचे साहेब दोन्हीकडे गैरहजर! सभागृहात तरी काय बोलतात म्हणून शोधलं, तर एका बाजूला बसून मोबाईल बघतानाचा फोटो सापडला.

प्रचारात हेच म्हणायचे, गरिबाला कोर्टाच्या फेऱ्यातून सोडवतो. माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन.

पुढची तारीख डिसेंबरातली आहे. तेव्हा नागपूर.