कंपनी बघायची की परिसर?

पक्याचा भाचा आयटीआय इलेक्ट्रिशियन. जर्मनीला जायचं म्हणतोय. एवढ्यावरून काल चिंचवडच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत जुंपली.

संद्या आधीच तापलेला. "पेपर वाचतोस का रे? बॉशने 2025 ला 13,000 नोकऱ्या कमी करणार म्हणून सांगितलं. झेडएफने त्याच्या आदल्या वर्षीच, 2028 पर्यंत 14,000. दोन्ही कंपन्या जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातल्या. आणि तू पोराला तिथंच धाडतोयस!"

"ते गाडीच्या पार्टवाले," पक्या म्हणाला. "आपल्या महाराष्ट्र सरकारने 2024 ला त्या राज्याशी करार केला, तो इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर असल्यांसाठी."

नाना टेल्कोतून रिटायर झालेले. ते सहसा शेवटी बोलतात, काल मध्येच घुसले. "कंपनी काय बघतोस संद्या, परिसर बघ. ट्रम्फचा कारखाना डिट्झिंगेनला, फेस्टोचा एसलिंगेनला, श्टीलचा वाइब्लिंगेनला. तिन्ही गावं त्या राज्याच्या राजधानीच्या, श्टुटगार्टच्या लोकलवर. एकाने काढलं तर दुसऱ्याच्या गेटवर उभं राहायचं. मी साताऱ्याहून आलो तेव्हा चुलते म्हणाले होते, टेल्कोत नाही लागलास तर बजाजला लागशील, तेही नाही तर भोसरीत कुणाच्या तरी शॉपला."

हे मला पटतं. चाकणला लातूर-बीडपासून बिहारपर्यंतची पोरं येतात ती काही एका गेटच्या भरवशावर नाही.

पण संद्याही गप्प बसणारा नव्हे. "सगळी गेटं गाडीवरच पोसली असतील तर? 2019 ची मंदी आठवा. सगळीकडे एकदमच ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद. आणि चाकणमध्ये नोकरी गेली तर पोरगा गावी जातो, कुणी व्हिसा विचारत नाही. तिकडे परवानाच नोकरीला बांधलेला. ठरल्या मुदतीत दुसरी बघा, नाहीतर चला घरी."

नाना क्षणभर थांबले. (चहा गार झाला होता, पण ते काही चहासाठी नव्हतं.)

मग मीच तोंड उघडलं. संद्याचा मुद्दा खरा, पण त्याचं उत्तर भाषेत आहे. शेजारी पन्नास कारखाने असून उपयोग काय, दुसऱ्या मालकाशी बोलता येत नसेल तर? पहिली नोकरी एजंट किंवा सरकार लावून देईल, दुसरी स्वतःच्या तोंडानेच मिळवावी लागते. बघा ना, पदवीवाल्यांच्या ब्लू कार्डला, म्हणजे त्यांच्या कामाच्या परवान्याला, कायमचा परवाना 27 महिन्यांनी मिळतो, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनी. त्यांच्या कायद्यालाही भाषेची किंमत कळलीय.

"आमचा पदवीवाला नाही," पक्या.

"म्हणून तर त्याला जास्त लागणार. आपला आयटीआय दोन वर्षांचा, त्यांची इलेक्ट्रिशियनची ॲप्रेंटिसशिप साडेतीन. उरलेलं तिथं जाऊन शिकावं लागतं. 2024 पासून नोकरी करता करता आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळवायची सोय झालीय, तिला बी-वनच्या खालचं ए-टू चालतं. पण ए-टूवर वायरमनला फोरमनची शिवीसुद्धा कळणार नाही. त्यात ते श्वाबी, म्हणजे तिथली बोली बोलणारे!"

संद्या हसला, पण हट्ट सोडला नाही. "बी-वन होईपर्यंत पाठवू नकोस. आणि श्टुटगार्टची भाडी आधी बघ, मग पगार."

"दिवाळीनंतर बी-वनची बॅच आहे," पक्या म्हणाला. "फी कोण भरणार, ते बोला."

नानांनी लगेच घड्याळ बघितलं.