चॅम्पियन झाले आणि दिवाळं निघालं, दोन्ही एकाच वर्षी

फ्रान्समध्ये आइस हॉकीत चॅम्पियन व्हायचं आणि लगेच क्लबला कुलूप लावायचं ही जवळपास परंपराच आहे, गंमत नाही करत. ब्रेस्टने 1996 आणि 1997 अशी लागोपाठ दोन टायटलं मारली आणि 1997 लाच क्लब बुडाला. रॅंसने 2000 आणि 2002 ला कप उचलला, 2002 लाच गाशा गुंडाळला. आणि मग 2005 ला म्युलूझ. मला यातलं म्युलूझ जास्त टोचतं कारण मी नोकरीला स्वित्झर्लंडमधल्या बासेलला आहे, बॉर्डरपलीकडे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत म्युलूझ, तिथून रोज येणारे काहीजण माझ्याच ऑफिसात आहेत, आणि हॉकीचा विषय निघाला की त्यांची गाडी अजून 2005 वरच अडकते.

गाव कसलं, तर जुनं कापडगिरण्यांचं. जवळ पोटॅशच्या खाणी होत्या, त्या 2002 ला बंद झाल्या, प्यूजोचा कारखाना तेवढा राहिला. लाखभर वस्ती. पॅरिसवाल्यांना नकाशात पटकन सापडणार नाही असं शहर, त्यामुळे कशात तरी नंबर एक व्हायची भूक भयंकर.

आता तो सीझन बघा. 2004-05 ला फ्रान्सच्या टॉप लीगला लीग माग्न्यूस हे नाव मिळालं, लुई माग्न्यूसवरून, ज्याने 1908 ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी फेडरेशन उभं केलं. त्याच वेळी तिकडे अमेरिकेत एनएचएलचे, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगचे, मालक आणि खेळाडू पगाराच्या मर्यादेवरून भांडले, अख्खा सीझन रद्द झाला आणि शेकडो खेळाडू युरोपात काम शोधत आले. त्यातला स्टीव्हन राइनप्रेक्ट म्युलूझला आला. 2001 ला कोलोराडोकडून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं टायटल, जिंकलेला माणूस, आणि तो म्युलूझ पालिकेच्या इल्बर्गमधल्या बर्फाच्या रिंकवर! लोक वेडे होणार नाहीत तर काय. स्कॉर्पियन्सनी (म्युलूझच्या टीमचं नाव) टायटल मारलं, शहराचं पहिलं आणि आजवरचं एकमेव.

आणि पुढच्या सीझनला टॉप लीगमध्ये त्यांचं नावच नाही. पैसे संपले, क्लब दिवाळखोरीत.

मला यातला विरोधाभास भारी वाटतो. जिथे पैशाचा पूर वाहतो त्या एनएचएलचे मालक म्हणत होते पगार परवडत नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी वर्षभर दुकान बंद ठेवलं. आणि इथे जिथे टीव्हीचा पैसा जवळपास शून्य, तिथे कोणी विचारलंच नाही की हे सगळं भरणार कोण.

हॉकी किती महाग खेळ आहे ते काचेजवळ बसलं की कळतं. मॅचला वीस-बावीस जण किट घालून तयार लागतात, कारण पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाहेर यायचं, दुसरे आत. खाडकन आवाज येतो आणि काठीचे दोन तुकडे होऊन बर्फावर पडतात, तो गडी तुकडे तिथेच टाकून बेंचकडे पळतो, तिथून दुसरी काठी हातात. एक काठी दोन-अडीचशे युरोची. वर परदेशी खेळाडूंना फ्लॅट, गाडी, विमानाची तिकिटं. आणि येणारा पैसा म्हणजे तिकिटं, बियर आणि फ्लामक्युश (तिकडचा पातळ पिझ्झासारखा प्रकार) विकणारा काउंटर, लोकल स्पॉन्सर, आणि नगरपालिकेचं अनुदान. दोन स्पॉन्सर हलले की संपलं. शंभरेक किलोमीटरवर बर्नला एका मॅचला सोळा-सतरा हजार लोक बसतात हो, तिथलं गणित वेगळं. म्युलूझने स्वप्न तिकडचं बघितलं आणि गल्ला इकडचा होता.

ऑफिसातला एकजण, वयाने मोठा, तेव्हा स्टँडमध्ये होता, तो माझ्यावर चिडतो. म्हणतो तू हिशेब मांडतोस, आम्ही चॅम्पियन झालो, ते कोर्टालाही काढून घेता आलं नाही. आता यावर काय बोलणार. त्याचं सुख खरं आहे. पण ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या घरी तो कप काय कामाचा हे त्याला विचारलं की विषय बदलतो.

आणि मला खरं कौतुक 2005 चं नाहीच, त्यानंतरचं आहे. रिंक पालिकेची होती म्हणून ती लिलावात गेली नाही. गावातल्याच लोकांनी नवीन संस्था काढून अगदी तळातून, डिव्हिजन 3 पासून परत सुरुवात केली, कालचे चॅम्पियन आणि आज हौशी टीमांशी मॅच, लाज वाटली असेलच पण खेळले. एकेक पायरी चढत 2017 ला परत लीग माग्न्यूसमध्ये पोचले. बारा वर्षं लागली, कुठलाही एनएचएलवाला नव्हता. पुढे परत खालच्या डिव्हिजनला आले ते वेगळं.

मधल्या काळात, 2006 ला, फ्रेंच हॉकीला स्वतःचं फेडरेशन मिळालं (आधी फिगर स्केटिंगवाल्यांबरोबर एकाच छपराखाली होते) आणि आता क्लबांचे हिशेब तपासणारी कमिटी आहे. फॅन लोक तिला शिव्या घालतात, म्हणे आमच्या टीमला खेळाडू घेऊ देत नाही. घालू देत शिव्या. माझं मत स्पष्ट आहे, ज्या क्लबने मागच्या सीझनची देणी फेडली नाहीत त्याला नवीन परदेशी खेळाडू एकसुद्धा घेऊ देऊ नये, मग तो फायनलला पोचलेला असला तरी. ऑफिसातल्या त्या गृहस्थाला हे बोललो तर म्हणाला, मग 2005 झालंच नसतं. नसतं झालं, बरोबर आहे, आणि मला ते चाललं असतं. त्याला नसतं चाललं.