अर्थ पिन कापू नका, आधी पियानोची युएसबी केबल काढून बघा

भाचीने एका व्हिडिओची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, पक्कड कुठे ठेवलीये?" व्हिडिओचं म्हणणं असं की डिजिटल पियानो ऑडिओ इंटरफेसमधून (वाद्याचा आवाज कंप्युटरमध्ये नेणारा डबा) रेकॉर्ड करताना गुणगुण किंवा शिट्टी येत असेल तर प्लगची अर्थ पिन काढून टाका, महागडी बॅलन्स्ड केबल (दोन तारांतला फरक घेऊन वाटेत शिरलेला आवाज वजा करायच्या जोडणीची) घ्या, 192 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुने घेऊन) रेकॉर्ड करा, पियानोचा व्हॉल्यूम कमी ठेवून इंटरफेसचा गेन (येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि एवढं करून काही उरलंच तर नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) आहेच. 100 टक्के खात्री म्हणे. हे ग्रुपाग्रुपात फिरतंय आणि लोक खाली "थँक्यू सर" लिहितायत.

अर्थ पिनेपासूनच सुरू करतो कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर रेकॉर्डिंग बिघडेल, याने माणूस जाऊ शकतो. अर्थची वायर असते ती यासाठी की एखाद्या यंत्रात आतली फेज वायर सुटून धातूच्या बॉडीला लागली तर करंट अर्थमधून जावा आणि ब्रेकर पडावा. पिन काढली की ब्रेकर पडत नाही, बॉडीवर पूर्ण मेन्सचं व्होल्टेज बसून राहतं आणि कोणाला कळतही नाही, आणि मग ते तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) इंटरफेसला, तिथून लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला, आणि तिथे तुमचा हात. हे मी मनाचं सांगत नाहीये. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स या ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं असलेले बिल व्हिटलॉक, ज्यांचा बॅलन्स्ड लाइनवरचा 1995 चा पेपर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला होता आणि ज्यांनी बरीच वर्षं या हम (मेन्सची गुणगुण) आणि ग्राउंड लूपवरच (ग्राउंडच्या तारांचा बंद गोल) काम केलं, त्यांनी ठिकठिकाणी हेच बजावलंय की आवाज घालवायला सेफ्टी अर्थ कधीही, कधीही काढू नका, कारण बिघाड झाला तर सिग्नलच्या केबली ते व्होल्टेज सगळ्या सिस्टिमभर फिरवतात. अख्खं आयुष्य हमच्या मागे लागलेला माणूस आहे, त्यांचं तरी ऐका.

आणि गंमत म्हणजे घरगुती डिजिटल पियानोंपैकी कितीतरींचा अ‍ॅडाप्टर दोनच पिनांचा असतो. व्हिडिओतल्या सरांच्या टेबलावर दिसतोय तोही दोन पिनांचाच! मग कापायचं काय? लॅपटॉपच्या चार्जरची पिन, नाहीतर स्पीकरची. म्हणजे भलत्याच यंत्राची.

मग आवाज येतो कुठून? बहुतेक वेळा पियानो कंप्युटरला दोनदा जोडलेला असतो. एकदा ऑडिओ केबलने इंटरफेसमार्गे, आणि दुसऱ्यांदा मिडीसाठी (आवाज नव्हे, कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली ही माहिती) थेट युएसबीने. दोन्ही केबलींमध्ये ग्राउंड आहे, म्हणजे गोल पूर्ण झाला, त्यात फिरणारा करंट ऑडिओच्या शील्डवर चढतो. खालचा जाड "हूं" असेल, 50 किंवा 60 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, तर तो मेन्सचा. बारीक "टीं" असेल आणि माउस हलवला, पान स्क्रोल केलं की बदलत असेल तर तो कंप्युटरच्या पोटातला. पियानोची युएसबी फुल-स्पीडवर (नावाला फुल, पण हाय-स्पीडपेक्षा हळू) चालते तेव्हा दर 1 मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणून नेमका 1 किलोहर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटी ऐकू येतात, आणि हाय-स्पीडवर सेकंदाला 8000 मायक्रोफ्रेम, म्हणून 8 किलोहर्ट्झची शिट्टी. पियानोची युएसबी उपटून बघा. आवाज गेला ना? सापडला चोर.

आता मिडी तर हवंच असतं. पियानोला जुनी पाच पिनांची मिडी असेल तर ती वापरा, मिडीच्या मूळ 1983 च्या स्पेसिफिकेशनपासून घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा भाग) लागतो, त्यामुळे ग्राउंड जोडलंच जात नाही. नसेल तर पियानोच्या युएसबीवर आयसोलेटर (ग्राउंड तोडून सिग्नल तेवढा जाऊ देणारी डबी) लावा. स्वस्तातले आयसोलेटर 12 मेगाबिटचेच असतात, मिडीला ते पुरतात, पण तोच इंटरफेसला लावायला जाल तर 480 मेगाबिटवाला इंटरफेस त्यावर नीट चालणार नाही, मग परत ओरडाल की आयसोलेटर फसवा निघाला. आणि युएसबीला हातच लावायचा नसेल तर पियानोच्या दोन्ही लाइन आउटवर (आवाज बाहेर देणारे जॅक) ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर.

लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा सल्ला, नाइलाजाने म्हणतो, ठीक आहे. पण तपासणी म्हणून. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर लूप चार्जरमधून जातोय एवढं कळलं, रोज बॅटरीवर रेकॉर्डिंग करा असा त्याचा अर्थ नाही.

केबल. बहुतेक पियानोंचं लाइन आउट अनबॅलन्स्ड असतं, नुसती केबल बॅलन्स्ड घेऊन आउटपुट बॅलन्स्ड होत नाही. त्यातही वाईट म्हणजे तीच स्टिरिओ जॅकसारखी दिसणारी केबल लोक हेडफोन आउटमधून एका बॅलन्स्ड इनपुटला लावतात, तिथे डावा वजा उजवा होतो, दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कापलं जातं आणि पियानो डब्यातून वाजल्यासारखा पोकळ येतो. हेडफोन आउट वापरायचं तर वाय केबल (एका स्टिरिओ जॅकमधून डावा आणि उजवा वेगळा काढणारी) घ्या आणि दोन इनपुट.

गेनचा सल्ला तर चक्क उलटा आहे. पियानो कमी आणि गेन जास्त ठेवला की केबलमध्ये शिरलेला हम गेनबरोबर मोठा होतो. पियानो तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवा, इंटरफेसवर माइक नव्हे, लाइन इनपुट निवडा, आणि सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे 12 डीबीच्या आसपास आलं की पुरे, 24 बिटच्या रेकॉर्डिंगला तेवढी जागा भरपूर आहे. पियानोचा व्हॉल्यूम वाढवल्यावर नुसती "स्स्स" वाढत असेल तर ती पियानोचीच, तिला केबल काय करणार, पियानोत युएसबी ऑडिओ (आवाज थेट डिजिटल पाठवायची सोय) असेल तर त्यातून घ्या.

192 किलोहर्ट्झ? त्याने 50 हर्ट्झचा हम जास्त मोठ्या फाइलमध्ये सेव्ह होतो. पुढे चला.

नॉइज गेट पियानोवर लावणाऱ्याने पेडल दाबून एक सूर विझेपर्यंत ऐकलेला नसावा, गेट ती शेपूट मध्येच तोडतो, आणि सूर चालू असताना हम तसाच राहतो कारण तेव्हा गेट उघडाच असतो. काही जण मग 50 हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावतात. खालचा जी सूर 49 हर्ट्झला आहे, आणि त्याच्या वरच्या सप्तकातला 98 ला, हमच्या 100 ला खेटून. डाव्या हाताचा बेस त्या सुरांवर असेल तर हमबरोबर तोही गेला.