शाळकरी मुलांचा ॲसिड रिफ्लक्स आणि ‘तीनपैकी एक’ हा आकडा

पालकांमध्ये सध्या एक संदेश मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा मजकूर साधारण असा : शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी एकाला ॲसिड रिफ्लक्स, म्हणजे जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास, असतो, पोटदुखी आणि न हटणारा खोकला ही त्याचीच लक्षणे असतात, तान्हेपणी दूध ओकणाऱ्या मुलाला तो पुढे होतोच, आणि ॲसिडिटीच्या औषधाने बरे वाटले की निदान पक्के समजावे. यातील पहिले विधान निराधार आहे, उरलेल्या तिन्हींत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि तोच अधिक फसवा आहे.

आधी आकडा पाहू. जठरातील पदार्थ अन्ननलिकेत वर येणे, त्यामुळे जळजळ किंवा आंबट पाणी घशाशी येणे, आणि त्या त्रासाने मुलाचे खाणे-झोपणे बिघडणे किंवा अन्ननलिकेला इजा होणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट निरोगी माणसातही, विशेषतः जेवणानंतर, घडते, कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायूंचे कडे अधूनमधून क्षणभर सैल पडतेच. आजार म्हणतात तो फक्त तिसऱ्या गोष्टीला. तिन्ही एकाच टोपलीत टाकल्या की हवा तेवढा मोठा आकडा मिळतो. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात 3 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांनी छातीतील जळजळ 1.8 टक्के, पोटाच्या वरच्या भागातील दुखणे 7.2 टक्के आणि अन्न वर येणे 2.3 टक्के मुलांमध्ये सांगितले. 10 ते 17 वर्षांच्या मुलांना स्वतःलाच विचारले तेव्हा हेच आकडे अनुक्रमे 5.2, 5.0 आणि 8.2 टक्के आले. या तिन्हींची बेरीज करता येत नाही, कारण एकच मूल तिन्ही रकान्यांत असू शकते. पण हट्टाने केलीच, तरी ती एकोणीस टक्क्यांपर्यंतही पोहोचत नाही, आणि तीही लक्षणांची बेरीज असेल, आजाराची नव्हे.

त्याच सर्वेक्षणातील एक तपशील मला टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. 10 ते 17 वर्षांच्या गटात अन्न वर येण्याची तक्रार पालकांच्या सांगण्यानुसार 1.4 टक्के मुलांना होती, तर मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत 8.2 टक्क्यांना. म्हणजे उत्तर कोण देतो यावर आकडा जवळपास सहापट बदलतो. आठ वर्षांखालील मुलांना तर ‘छातीत जळजळते’ आणि ‘पोटात दुखते’ यांतला फरक भरवशाने सांगता येत नाही. त्रास कमी लेखला जात असण्याची शक्यता यातून नक्कीच दिसते, आणि संदेश लिहिणाऱ्याने हा मुद्दा मांडला असता तर तो मान्यच करावा लागला असता. पण त्यावरून ‘तीनपैकी एक’ निघत नाही.

पोटदुखीचा मुद्दा याहून कच्चा आहे. शाळकरी वयात वारंवार पोट दुखण्यामागे बहुतेक वेळा कोणताही अवयव बिघडलेला नसतो. जगभरातील अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार अशी कार्यात्मक पोटदुखी सुमारे 13.5 टक्के मुलांमध्ये आढळते. त्याखेरीज बद्धकोष्ठता आहेच. खोकल्याचे म्हणाल, तर रिफ्लक्सने खोकला येऊ शकतो, परंतु तेवढ्यावरून आम्ल कमी करणारे औषध द्यावे याला आधार नाही. दमा आटोक्यात न राहणाऱ्या, पण रिफ्लक्सची उघड लक्षणे नसलेल्या 306 मुलांवरील 2012 सालच्या एका चाचणीत अशा औषधाने दमा सुधारला नाही. उलट औषध घेणाऱ्या गटात श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक झाले.

दूध ओकण्याबद्दल फार लिहायला नको. चौथ्या महिन्याच्या सुमारास सुमारे दोन-तृतीयांश बाळे रोज दूध काढतात, आणि वर्ष भरत येईपर्यंत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. ज्यांचे ओकणे पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांहून अधिक दिवस चालले, त्यांना पुढे लक्षणे जाणवण्याचा संभव काहीसा जास्त असतो. ‘होतोच’ म्हणावे इतका मात्र नाही. खरा धोका अन्यत्र आहे : मेंदू व मज्जासंस्थेचे आजार, अन्ननलिकेच्या जन्मजात दोषावर झालेली शस्त्रक्रिया आणि लठ्ठपणा.

राहिला औषधाने निदान करण्याचा प्रश्न. थोड्या मोठ्या मुलाला छातीत जळजळ असेल, तर बालरोग पचनतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वेही चार ते आठ आठवडे औषध देऊन पाहण्यास मुभा देतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीसाठी असते. मुदतीनंतर औषध बंद करून पाहिले जाते आणि फरक पडला नाही तर निदानाचाच फेरविचार होतो. शिवाय बरे वाटणे हा पुरावाही नव्हे, कारण कार्यात्मक पोटदुखी पुष्कळदा आपोआप ओसरते आणि श्रेय त्या आठवड्यात चालू असलेल्या गोळीला मिळते. वजन घटणे, घास अडकणे, उलटीत रक्त किंवा हिरवट पित्त दिसणे, पहाटे डोकेदुखीसह उलट्या होणे, यांपैकी काहीही असेल तर घरातील औषधाचा प्रयोग एक दिवसही करू नये. मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावे.