‘आता काय, साधी सर्दी!’: एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज तिसऱ्यांदा आलाय. मजकूर असा: कोरोना आता साधी सर्दी, लस घेतलेल्याकडून तो पसरत नाही, मास्कच्या भोकांतून विषाणू आरपार जातो, वाफ घेतली की घशातच मरतो.

‘साधी सर्दी’ हे अर्धं खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आरोग्य आणीबाणी ५ मे २०२३ला संपवली आणि धडधाकट माणसाचं बहुधा चार दिवसांच्या तापावर निभावतं. पण आमच्या घरात अकरावीतला मुलगा आहे, तशा एकोणऐंशी वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाईही आहेत. सर्दी साधी, पण कोणाला?

लसीचं काम मुख्यतः आजार गंभीर होऊ न देणं. लागण रोखण्याची ताकद काही महिन्यांत ओसरते. कोविशील्ड आपल्या हडपसरची म्हणून अभिमान जरूर बाळगा, पण लस घेतलेलाही घरी विषाणू आणू शकतो.

मास्कचं गणित ऐकायला पटतं, म्हणूनच ते फसवं. विषाणू सुटा उडत नाही, श्वासातल्या थेंबांत, कणांत बसून येतो. शिवाय एन-९५ म्हणजे पीठ चाळायची चाळणी नव्हे. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बारीक कण त्यांना चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेही तो किमान ९५ टक्के अडवतो. अर्थात नाकापाशी फट राहिली तर सगळं मुसळ केरात. हनुवटीवरच्या मास्कबद्दल काय बोलावं!

वाफेनं नाक मोकळं होतं, बस. विषाणू पेशींच्या आत असतो, तिथे वाफ पोचत नाही. उकळतं पातेलं कलंडून पोरं भाजतात, ते वेगळंच.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे खिडकी. साडेपाच वाजले की डासांच्या भीतीनं आपण घर बंद करतो आणि सगळ्यांचा श्वास आतच कोंडतो. आम्ही जाळ्या बसवल्या.

मागच्या पावसाळ्यात मुलगा खोकायला लागला. पहिल्या दिवशी कोरोना चाचणीच्या घरगुती किटवर एकच रेघ, म्हणजे लागण दिसली नाही. अठ्ठेचाळीस तासांनी चाचणी परत केली, दोन रेघा, म्हणजे लागण. तोवर तो हॉलमध्ये उघड्या खिडकीशी झोपत होता, आजीच्या खोलीत मास्क लावून जात होता. सासूबाईंना काही झालं नाही. याच उपायांमुळे, असं छातीठोकपणे म्हणणार नाही; नशीबही असेल. जाळ्यांचा खर्च मात्र वसूल झाला, डासही आले नाहीत.