पोस्ट फायबरची की धातूची? आधी दात किती उरलाय ते बघा

गणपतीला आठ दिवसांसाठी गावी आलेल्या चाकरमान्याला रूट कॅनाल, पोस्ट (दाताच्या मुळात बसवायची काडी) आणि कॅप हे तिन्ही विसर्जनाच्या आत हवं असतं. चिपळूण-रत्नागिरीकडे त्यावरून होणारा वाद ठरलेला आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, धातूची पोस्ट घाल, ती वाकत नाही. मुंबईचा भाचा म्हणतो, मामा, फायबरचीच घ्या, ती चिकटते आणि दात मजबूत करते. इंग्लंडातून हे ऐकताना वाटतं, दोघेही भलत्याच बांधावरून भांडताहेत.

पोस्टने दात मजबूत होत नाही. कुठल्याच पोस्टने. कधी हिरडीवरचा दात इतका गेलेला असतो की कॅपखालच्या गाभ्याला, म्हणजे कॅपच्या आत बांधलेल्या भरावाला, धरायला काही उरत नाही. तो गाभा दाताच्या मुळाला अडकवून ठेवणं एवढंच तिचं काम. उलट तिच्यासाठी मुळातून आणखी डेंटीन (दाताचा आतला कठीण भाग) कोरावं लागतं. म्हणून दाढेला बहुतेक वेळा पोस्टची गरजच नसते, पल्पची (नसेची) पोकळी गाभा धरायला पुरते. पुढच्या दाताला फक्त मागून रूट कॅनालचं भोक असेल तर ते कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरावाने) बुजवून भागतं. खरी गरज पडते ती उपदाढांना आणि अर्ध्याहून जास्त तुटलेल्या पुढच्या दातांना.

दात किती टिकणार हे ठरतं फेरूलवर. कॅपच्या कडेच्या वर, चारी बाजूंनी, दीड ते दोन मिलिमीटर उंच निरोगी दात उरलेला असला पाहिजे, म्हणजे कॅप त्याला पिंपाच्या कड्यासारखी आवळून धरते. बर्लिनमधल्या एका दीर्घ चाचणीत दोन मिलिमीटर फेरूल राखून टायटॅनियमच्या आणि काचतंतूच्या, म्हणजे फायबरच्या, पोस्ट एकाच जातीच्या सेल्फ-अॅडेसिव्ह (आपणच दाताला चिकटणाऱ्या) रेझिन सिमेंटने बसवल्या होत्या. दहाएक वर्षांनीही दोन्हींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फेरूल नसेल तर सोन्याची पोस्ट घाला, काही उपयोग नाही. मग हिरडी-हाड मागे घेणं, तारेने मूळ वर ओढणं किंवा सरळ दात काढणं, हेच पर्याय.

मग फायबरचा फायदा काय? बिघडण्याची तऱ्हा. डेंटीनचा ताठरपणा साधारण १८ गिगापास्कल, काचतंतूच्या पोस्टचा २० ते ४५, टायटॅनियमचा ११० आणि स्टीलचा २०० च्या आसपास. श्रीवर्धनी सुपारी रोज त्याच दातावर फुटत असेल तर ताठ धातू तो जोर मुळात खोल नेतो आणि कधीतरी मूळ उभं चिरतं. तो दात गेला. फायबरची पोस्ट बहुधा आधी सुटते, आणि सुटलेली पोस्ट पुन्हा बसवता येते. आटे असलेली स्वस्त स्क्रू पोस्ट मात्र कुणीच घेऊ नये; ती घट्ट बसते तीच मुळाच्या भिंतीत ताण भरून.

आता फायबरची पोस्ट का सुटते, ते. साध्या भरावात सिमेंटच्या चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं गुणोत्तर फार तर पाचपर्यंत जातं. मुळातल्या पोस्टभोवती ते दोनशेच्याही वर जाऊ शकतं. सिमेंट सेट होताना आकसतं आणि भिंतीपासून स्वतःलाच ओढून काढतं. त्यात भिंत स्वच्छ नसते. ड्रिलच्या उष्णतेने वितळलेला गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) आणि त्याभोवतीचा सीलर तिच्यावर सारवल्यासारखा पसरतो, आणि त्यावर रेझिन धरत नाही. सीलरमध्ये युजेनॉल (लवंगतेलातला घटक) असेल तर रेझिनचं सेटिंगच बिघडतं. शेवटचं धुणं हायपोक्लोराइटचं (जंतुनाशक द्रावणाचं) असेल तर मागे राहिलेला ऑक्सिजनही तेच करतो.

म्हणून डॉक्टरने पाळायचा क्रम असा. टोकाशी चार ते पाच मिलिमीटर गटापर्चा हलवायचा नाही. पोस्टची जाडी मुळाच्या एक तृतीयांशाच्या आत, मुळातली लांबी निदान कॅपच्या उंचीइतकी. भिंत खरवडून भिंगाखाली तपासायची, १७ टक्के ईडीटीएने (भिंतीवरचा खरवड विरघळवणाऱ्या द्रावणाने) धुवायची, मग नुसतं पाणी, मग पेपर पॉइंटने (कागदी काडीने) टिपायची. पार कोरडं ठणठणीत करायचं नाही. पोस्ट अल्कोहोलने पुसल्यावर बोट लावायचं नाही. सिमेंट लांब टोकाच्या नळीने तळापासून भरत वर यायचं. लेंट्युलोने (मुळात फिरणाऱ्या तारेच्या स्प्रिंगने) फिरवलं तर काही सिमेंटं आतच लवकर धरतात. पोस्टमधून खाली जेमतेम उजेड पोचतो, म्हणून सिमेंट ड्युअल-क्युअरच (उजेडाने आणि आपोआपही सेट होणारं) हवं, आणि लाइट मारल्यावरही पाचेक मिनिटं थांबायचं. एका बाटलीतलं आम्लधर्मी बाँडिंग आणि ड्युअल-क्युअर सिमेंट यांचं बऱ्याचदा जमत नाही. दोन्ही एकाच कंपनीची जोडी असलेली बरी. पोस्ट कापायची ती पाण्याखाली डायमंड बरने. कटरने कापली की तंतू उसवतात.

या सगळ्याला रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबराचा पडदा, लाळ आणि ओल अडवणारा) लागतो, आणि कोकणात तो जास्तच. आषाढ-श्रावणात हवाच ओलीचिंब, त्यात तोंडातला श्वास. मे महिन्यात बंद क्लिनिकमध्ये सिमेंटची सिरिंज तापते, पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज बंद. पोस्टला सिमेंट धरावं म्हणून लावायच्या सिलेनची बाटली गढूळ झाली असेल तर फेकून द्यावी, थेंब वाचवत बसू नये.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. २००६ पासून एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) मोजणीत एकाच उपचारात एक कॅप असो की तीन, दंतवैद्याच्या खात्यावर युनिटं, म्हणजे ज्यावर त्याचे पैसे ठरतात ती कामाची एककं, तेवढीच. त्यामुळे किचकट दाताला हात लावायला कुणी उत्सुक नसतं, आणि नवा पेशंट घेणारा एनएचएस दवाखाना मिळणंही मुश्किल. रत्नागिरीत उद्याची वेळ मिळते, हे इथल्या लोकांना खरं वाटत नाही. घ्यायचंच तर इथून दोन गोष्टी घ्याव्यात: काम सुरू होण्याआधी लेखी उपचार-योजना, आणि पोस्टच्या आधीचा व नंतरचा एक्स-रे पेशंटच्या हातात. पुढच्या शिमग्याला दुसऱ्याच डॉक्टरकडे जावं लागलं तर त्याला निदान कळेल आत काय आहे. आणि आठ दिवसांत घाई करायचीच असेल तर कॅप लवकर बसवून घेण्याची करा, पोस्टच्या कामात नको. तात्पुरत्या भरावावर चार महिने काढले तर लाळ आत शिरून रूट कॅनालच पुन्हा करायची पाळी येते.

कॅप किंचित हलते, चावल्यावर खारट चव किंवा वास येतो, ही सिमेंट सुटल्याची खूण. दुखत नाही, कारण नस नाही. म्हणूनच माणूस महिनोन् महिने काढतो आणि आत कीड मूळ खाते. पोस्टसकट कॅप हातात आली तर दोन्ही डबीत घालून तशीच न्यावी, फेविक्विकने चिकटवू नये. डॉक्टर पोस्टकडे बघून बरंच ओळखतात. सिमेंट पोस्टला चिकटून मुळाची भिंत चकचकीत असेल तर भिंत साफ झाली नव्हती. पोस्ट कोरीच निघाली असेल तर चूक पोस्टच्या पृष्ठभागावर झाली. पहिल्या प्रकारात फेरूल शाबूत असेल तर तीच कॅप पुन्हा बसू शकते.